गणितात चालणारं आडनाव

"खोब्रा... क्या?"

मी परत सांगितलं. "खोब्रागडे."

टेबलापलीकडचा माणूस हसला. कुत्सित हसला असंही म्हणता येत नाही. एखाद्या लहान मुलाने अवघड शब्द बोबडा बोलावा तेव्हा हसतात तसा. नोएडातलं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. कॉलेजच्या पोरांना घरी जाऊन शिकवणारे ट्यूटर पुरवायचं काम. त्याच्या स्क्रीनवर माझा फोटो, खाली माझी डिग्री, एम.एस्सी. गणित, फर्स्ट क्लास. वर माझं नाव.

"देखो मॅडम, पॅरेंट्स स्क्रोल करते हैं. शर्मा पे रुकेंगे, अय्यर पे रुकेंगे. इस पे नहीं रुकेंगे. मॅथ्स में ये सरनेम चलता नहीं."

मग कशात चालतं, असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

त्याने माझ्यासमोर बॅकस्पेस दाबायला सुरुवात केली. इंग्रजीत दहा अक्षरं. दहा वेळा टकटक झाली. मोजायची सवय वाईट, पण ती जात नाही. मग तो खुर्चीत मागे रेलला, जरा विचार केला, आणि म्हणाला, "जोशी. जोशी बढिया रहेगा. उत्तराखंड के पहाडी भी अपना समझेंगे, महाराष्ट्रियन भी."

टाइप केलं. झालं. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

"डिग्री तुम्हारी ही रहेगी, टेन्शन मत लो."

म्हणजे वर उपकार! फाइलमधली कागदपत्रं खरी, स्क्रीनवरची बाई खोटी. आणि मी काय म्हणाले? "ठीक है सर." हेच म्हणाले. आज लिहिताना सुद्धा कानशिलं तापतात.

का म्हणाले, ते सांगते. खऱ्या आडनावाने माझं प्रोफाइल तीन महिने तिथे पडून होतं. एक फोन आला नाही. मी सत्तावीस वर्षांची, कॉलेजांच्या मुलाखती देऊन देऊन थकलेली, बाबा रिटायर झालेले. शिकवणं एवढं एकच काम मला येतं आणि मनापासून आवडतं. मला विद्यार्थी हवे होते. जोशी झाले आणि आठवड्यात चार फोन. तीच डिग्री, तोच फोटो, तेच नाक.

त्या चारांतला एक फोन द्वारकेचा. देशपांडे म्हणून पुण्याचं कुटुंब. नवरा गुडगावला मोठ्या कंपनीत, सतत टूरवर. मुलगी ईशा, बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला, पण पहिल्या वर्षाचं गणित अजून मानेवर. दोनदा बॅक लागलेली. फोनवर तिच्या आईचा आवाज अक्षरशः फुलला. "अगंबाई, जोशी? मराठी जोशी? चलो, देव पावला!"

आम्ही राहतो गाझियाबादला. मेट्रोच्या निळ्या लाइनचं हे टोक आमचं, ते टोक त्यांचं. आठवड्यातून तीन दिवस मी या टोकावरून त्या टोकाला जायचे. गाझियाबादला खोब्रागडे चढायची, द्वारकेला जोशी उतरायची.

ईशा गोड पोरगी. पण गणिताची भयंकर भीती. उत्तर चुकलं की पान फाडायची. टरकन. पहिल्या दिवशी तिने सात पानं फाडली. मी म्हटलं, "आजपासून फाडायचं नाही आणि खोडायचं पण नाही. चुकलं की त्याच्यावर एक रेघ मार आणि खाली बरोबर लिही. चूक दिसली पाहिजे."

"यार दीदी, मग वही किती गंदी दिसणार!"

"दिसू दे."

हळूहळू तिला जमायला लागलं. एक दिवस तिने एक इंटिग्रल तीन रेघा मारून चौथ्यांदा सोडवलं आणि टेबलावर मूठ आपटून ओरडली, "आ गया!" त्या दिवशी परतीच्या मेट्रोत मी वेड्यासारखी एकटीच हसत होते. हे पण खरं आहे आणि हे पण सांगायला पाहिजे. त्या घरात मी सुखी होते. म्हणूनच इतके महिने तोंड शिवून बसले.

काकू, म्हणजे ईशाची आई, प्रेमळ बाई. मला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. "अगं, दिल्लीत आपली माणसं आहेत कुठे?" असं म्हणत ताटात भाकरी वाढायच्या. आपली माणसं. हा शब्द आला की मी ताटाकडे बघत भाकरी मोडत बसायचे.

एकदा सहज विचारलं, "गोत्र काय गं तुमचं?"

मी खोकला काढला. पाणी प्यायले. बाथरूमला गेले. दार लावून फोनवर शोधलं. जोश्यांची गोत्रं ढीगभर निघाली, त्यातलं एक उचललं. "काश्यप," बाहेर येऊन मी म्हणाले. त्या दिवसापासून मेट्रोत बसले की मी जोश्यांचा अभ्यास करायचे. कुलदैवत, मूळ गाव, कोकणस्थ की देशस्थ. परीक्षेच्या आदल्या दिवशी सूत्रं पाठ करावीत तशी पाठ करायचे. गणितात मी कधी पाठांतर केलं नव्हतं.

सप्टेंबरात गौरी आल्या. मी शिकवायला गेले तर काकू स्वयंपाकघरात घामाघूम. मदतीची बाई आली होती, पण ती बाहेर बाल्कनीत भांडी घासत होती. "आम्ही काही फार मानत नाही हां," काकू म्हणाल्या, "पण गौरीचा नैवेद्य म्हटला की बाहेरच्या हाताचा नको वाटतो. तू कशी घरातलीच. हात-पाय धू आणि ये, जरा पुरण वाट."

बाल्कनीतल्या बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं, तरी मला वाटलं की तिला सगळं कळलंय. मी हात धुतले. पुरण वाटलं. आमच्या घरी पुरण आई वाटायची, पाट्यावर, त्यामुळे हात सरावाचा. काकू चाखून म्हणाल्या, "वा! हाताला काय चव आहे!" आणि जेवताना दोनदा पुरणपोळी घेतली.

त्याच पंगतीत त्यांच्या बहिणीने ईशाच्या कॉलेजचा विषय काढला. गणिताचा एक नवा प्राध्यापक आला होता. काकूंनी हात झटकला. "कोट्यातून आलेला. त्याला काय येणार शिकवता? म्हणून तर आमच्या पोरीचं वाटोळं झालं. गणित रक्तात असावं लागतं गं." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ ना आता हिला!"

सगळे माझ्याकडे बघत होते. कौतुकाने.

"हो ना काकू," मी म्हणाले.

त्या प्राध्यापकाला मी कधी पाहिलेलं नाही. त्याला शिकवता येत असेल, नसेल, मला माहीत नाही. पण त्या दुपारी त्याला मी विकलं. माझ्या वडिलांना विकलं, मला स्वतःला विकलं, आणि वर पुरणपोळी खाल्ली. कुणी माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. अपमान कुणी केला तर निदान त्याच्यावर रागावता येतं. इथे रागावणार कुणावर?

जानेवारीत ईशाचा निकाल लागला. सत्त्याहत्तर मार्क. दोनदा नापास झालेली पोरगी! तिने फोनवर रडून गोंधळ घातला. मी पण रडले.

त्यानंतरच्या शनिवारी मी दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे होते, फोन बंद. काकूंनी बाबांच्या नंबरवर फोन केला. माझा फोन बिघडला होता तेव्हा मी एकदा बाबांच्या फोनवरून त्यांच्याशी बोलले होते, तो नंबर त्यांनी जपून ठेवला होता.

संध्याकाळी घरी आले तर बाबा खुर्चीत बसलेले. टीव्ही बंद.

"देशपांडेबाईंचा फोन आला होता. उद्या येऊन राहिल्या, अकरा वाजता. पोरीला घेऊन, पेढे घेऊन. पत्ता विचारून घेतला. इकडे त्यांचे कोणी नातेवाईक आहेत म्हणे."

मी चपला काढत होते.

"त्यांनी विचारलं, जोशीकाका का?" बाबा म्हणाले. "मी म्हटलं, हो, बोला."

एक चप्पल पायातच राहिली.

"मला वाटलं, तुझ्या कामाचं काही असंल. नाही म्हटलं अन् तुझं काही बिघडलं तर?" मग अजिबात न रागावता, त्यांनी विचारलं, "आपण जोशी कधी झालो, बाई?"

मी सगळं सांगितलं. ऑफिस, बॅकस्पेस, गोत्र, गौरी. "हो ना काकू" तेवढं सांगितलं नाही. बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं." आणि भाताचा कुकर लावायला उठले.

आता आमच्या दारावरच्या पाटीबद्दल सांगते. बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसात शिपाई म्हणून लागले आणि क्लार्क होऊन रिटायर झाले. नागपूरहून निघाले आणि बदल्या होत होत दिल्लीला पोचले. प्रत्येक क्वार्टरमध्ये सामान उतरलं की पहिली गोष्ट दारावर पाटी. गॅस नंतर जोडायचा, पाटी आधी. नागपूरच्या पेंटरने रंगवलेली लाकडी पाटी, निळ्यावर पांढरी अक्षरं. आई वैतागायची. "अहो, पोरीला दूध तरी तापवू द्या!" मी लहान असताना एका बदलीच्या गावी कुणीतरी त्या पाटीवर शेण फासलं. बाबांनी बादली आणली, पाटी धुतली, फडक्याने पुसली आणि परत लावली. ऑफिसातले दोघेतिघे समजावायला आले, कशाला लावता, सगळ्यांना कळतं. बाबा म्हणाले, "कळावं म्हणूनच तर लावली."

आई गेली त्या वर्षी मी एम.एस्सी. झाले. बाबांनी ती पाटी पिशवीत घालून इथल्या एका पेंटरकडे नेली आणि त्यांच्या नावाखाली माझं नाव घालून आणलं. पुढे एम.एस्सी., गणित. इथल्या पेंटरचा पांढरा रंग थोडा वेगळा पडला. जुना पिवळट, नवा लख्ख. लांबून पण कळतं.

रविवारी सकाळी मी दूध आणि बिस्किटं आणायला खाली गेले होते. जिना चढून वर आले तर बाबा स्टुलावर उभे. हातात स्क्रू ड्रायव्हर. पाटीचे तीन स्क्रू निघाले होते. चौथ्यावर पाटी लोंबकळत होती.

"बाबा, काय करताय?"

"अगं, तासाभराचा प्रश्न आहे. त्या गेल्या की परत लावतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी विचार करत होतो, आतल्या फोटोचं कसं करायचं? तो निळ्या कोटातला. काढला तर भिंतीवर डाग दिसंल. वरून क्यालेंडर लावू का?"

ज्या माणसाने शेण धुऊन पाटी परत लावली होती, तो माणूस सत्तरीच्या जवळ आल्यावर माझ्यासाठी ती स्वतःच्या हाताने उतरवत होता. कोणी धमकी दिली नव्हती, कोणी दगड मारला नव्हता. लेकीची शिकवणी राहावी म्हणून. आणि कॅलेंडर शोधत होता!

माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. हातातलं दूध जिन्यातच ठेवलं.

"उतरा खाली."

"अगं, पण..."

"बाबा, उतरा. द्या तो इकडे."

मी स्टुलावर चढले. घाईत स्क्रू भोकात बसेना. एक बसवला. दुसरा बसवला. त्या लोंबकळणाऱ्यासकट तीन झाले. राहिलेला एक हातातून निसटला, टण टण करत जिन्यावरून खाली गेला. शोधायला वेळ नव्हता. खाली गाडीचा दरवाजा वाजला आणि ईशाचा आवाज आला, "दीदीऽऽ!"

काकू जिना चढून वर आल्या. रेशमी साडी, हातात पेढ्यांचा मोठा डबा. दार उघडं, दारात मी, हातात स्क्रू ड्रायव्हर. त्यांची नजर पाटीवर गेली. वाचलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्या ओळीतलं माझं नाव वाचलं. मग आत बघितलं, समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे.

"हे... जोशींचं घर ना?"

"नाही काकू. खोब्रागडेंचं. मी खोब्रागडे. जोशी कधीच नव्हते."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्यामागे कोणी नव्हतं. त्या आत आल्या. बसल्या. काठावर बसल्या. बाबांनी पाणी आणलं. "मला उपास आहे आज," काकू म्हणाल्या. पाण्याला कसला उपास? ईशाने ग्लास उचलला होता. तिने आईकडे पाहिलं आणि खाली ठेवला. काकूंसाठी मी तयारच होते. तो खाली ठेवलेला ग्लास मला लागला. अजून लागतो.

"तू फसवलंस आम्हाला," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "इतके महिने. मी तुला घरात घेतलं. माझ्या गौरीचं पुरण वाटलंस तू!"

आता मला रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही. आवाज उलट थंड झाला.

"खोटं बोलले, ते चुकलं. आडनाव ऑफिसने बदललं, पण गोत्र मी सांगितलं. त्याची माफी मागते. खोब्रागडे असल्याची मागणार नाही. आणि पुरण चांगलं झालं होतं काकू. तुम्ही दोनदा घेतलंत."

बाबा दाराशी ट्रे धरून उभे होते.

"अजून एक," मी म्हणाले. "कोट्यातल्यांना गणित येत नाही असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी हो म्हणाले. मी कोट्यातूनच शिकले. तुमच्या मुलीचे सत्त्याहत्तर मार्क तिचे आहेत. पण शिकवलं मी."

बाबांनी वर पाहिलं. हे त्यांना आदल्या संध्याकाळी सांगितलं नव्हतं, ते आता त्यांनी ऐकलं.

काकू उठल्या. "चल ईशा." पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवावा की परत न्यावा, हे त्यांना पटकन ठरवता आलं नाही. शेवटी ठेवला, पण असा, जसं काही विसरून राहिला. ईशा दारात थांबली. पाटीकडे पाहत राहिली. "दीदी..." एवढंच म्हणाली. खालून हाक आली आणि ती पळाली. तिचा फोन आलेला नाही. चौथ्या सेमिस्टरचं गणित सुरू झालं असेल. ती पुन्हा पानं फाडते का, हा विचार आला की मला स्वस्थ बसवत नाही.

सोमवारी नोएडाच्या ऑफिसातून त्याच माणसाचा फोन. तक्रार आली होती. "आपने क्लायंट को मिसगाइड किया."

"सर, नाम तो आपने बदला था."

तो गडबडला नाही. त्याला याची सवय होती. "अच्छा छोडो, जो हुआ. रिझल्ट तो आपका सॉलिड है. नया प्रोफाइल बना देते हैं. इस बार सक्सेना रख लें?"

मला हसू आलं. खरंच, मोठ्याने. बाबा स्वयंपाकघरातून डोकावले.

"सर, लिखिए. के, एच, ओ, बी, आर, ए, जी, ए, डी, ई. दस लेटर. मिटाए आपने थे, लिखेंगे भी आप. नहीं तो मेरा फोटो भी हटाइए."

फोटो हटला. दुपारपर्यंत सगळे विद्यार्थी गेले. सगळे म्हणजे सगळे.

मग मी माझ्या नोट्सचा गठ्ठा काढला. प्रत्येक पानाखाली छापलेलं, जोशी मॅम. फाडून टाकावं असं वाटलं. फाडलं नाही. एका एका पानावर एक रेघ मारली आणि खाली माझं आडनाव लिहिलं. ते केलं मी. ते दिसू दे.

आता मी घरीच शिकवते. सोसायटीच्या गेटवर कागद लावलाय, इंजिनिअरिंग मॅथ्स, आणि खाली पूर्ण नाव. फोन कमी येतात. आला की मी आधी आडनाव सांगते, मग विषय. कधी कधी पलीकडे शांतता पडते. पूर्वी अशी शांतता पडली की मी धावत जाऊन काहीतरी बोलून ती भरून काढायचे. आता गप्प बसते. काय ते त्यांनी ठरवावं. सध्या दोघंच येतात. दोघंही पाटी वाचून आत येतात.

जिन्यात पडलेला तो स्क्रू सापडला नाही. मी बाजारातून लांब बोल्ट आणले आणि मिस्त्री बोलावला. पाटी दारावरून काढून बाजूच्या भिंतीत बसवायला सांगितली. त्याने ड्रिल लावलं, प्लास्टर उडालं, शेजारी बाहेर आले. "मॅडम, इतना गहरा? निकालने में दीवार तोडनी पडेगी," तो म्हणाला.

"हां," मी म्हटलं. "उतना ही गहरा."

काम झाल्यावर बाबांनी दोन्ही हातांनी पाटी धरून हलवून पाहिली. हलली नाही.